मुंबईत पर्सनल ट्रेनर व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन उरकली की माझ्या फोनवर हे प्रश्न यायला लागतात. लालबागच्या व्यायामशाळेत वाढलेली मुलं विचारतात, डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या मुली विचारतात, नोकरी गेलेले चाळिशीतले गृहस्थही विचारतात. प्रत्येकाला तेच तेच वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं आहे. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे.

१. ट्रेनर व्हायला सरकारी लायसन्स लागतं का?

नाही. डॉक्टर-वकिलांना असते तशी सक्तीची नोंदणी आपल्याकडे ट्रेनरला नाही. उद्या सकाळी कुणीही टी-शर्टावर ‘ट्रेनर’ छापून उभा राहू शकतो, आणि राहतातही. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण चांगला ट्रेनर कोणता आणि वाईट कोणता हे लोकांना बऱ्याचदा गुडघा किंवा कंबर गेल्यावरच कळतं. बऱ्या जिम मात्र प्रमाणपत्र बघितल्याशिवाय फ्लोअरवर उभं करत नाहीत. नावाजलेल्या परीक्षांना बसायला साधारणपणे वय १८ पूर्ण, बारावीपर्यंतचं शिक्षण आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) चालू प्रमाणपत्र लागतं. कायदा विचारत नाही म्हणून शिकणं टाळू नका.

२. मी कॉमर्सची. सायन्स नव्हतं. जमेल का?

जमेल. स्नायूंची नावं पाठ करताना आपल्याच अंगावर बोट ठेवत जा, आणि तो स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, आखडला की कोणता सांधा हलतो, एवढं प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणा. दोन-तीन महिने हे रोज केलंत तर सायन्सवाल्यांच्या बरोबरीला याल.

३. कोणता कोर्स करू? दोन दिवसांत सर्टिफिकेट देतात तो चालेल का?

दोन दिवसांचा नको. त्यात हातात कागद येतो, पण समोरचा माणूस स्क्वॉटला खाली जाताना त्याचा गुडघा आत का वळतो हे कळत नाही.

आंतरराष्ट्रीय परीक्षांमध्ये एसीई, नॅसम (नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन) आणि एसीएसएम (अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन) ही नावं मुंबईतल्या मोठ्या जिमना माहीत असतात. तिघांच्याही ट्रेनर परीक्षेला प्रमाणपत्रांचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीसीए या संस्थेची मान्यता आहे. एसीई म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज. तिच्या परीक्षेत १५० प्रश्न असतात, वेळ तीन तासांचा, आणि ८०० च्या मोजपट्टीवर ५०० आले की पास. हे प्रमाणपत्र दोन वर्षं टिकतं. पुढे चालू ठेवायला त्या काळात २० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. एसीएसएमची मुदत तीन वर्षांची असते. देशी पर्यायही आहेत. मुंबईत के-११ सारख्या संस्था वर्गात बसवून शिकवतात, आणि क्रीडा-फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे, म्हणजे एसपीईएफएल-एससीचे, अभ्यासक्रम कमी खर्चात होऊ शकतात.

पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा: प्रत्यक्ष फ्लोअरवरचे तास किती? परीक्षा तीच संस्था घेते की बाहेरची? नापास झाल्यास फेरपरीक्षेचे वेगळे पैसे किती? नूतनीकरणाला काय लागतं? उत्तरं लेखी मागा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं जिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तिथे मी पहिल्या प्रश्नावरच जास्त अडून बसते.

४. माझं इंग्रजी कच्चं आहे. अंधेरी-वांद्र्याच्या क्लायंटसमोर बोलती बंद होईल.

परीक्षेचं पुस्तक वाचण्यापुरतं इंग्रजी कमवावंच लागेल. रोज दोन पानं, अडलेल्या शब्दांची वही, आणि प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ.

पण शिकवताना मराठी हे तुमचं भांडवल आहे. दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड, ठाण्यात साठीच्या काका-काकूंना त्यांच्या भाषेत व्यायाम सांगणारं माणूस हवंच असतं. डेडलिफ्टला (जमिनीवरून वजन उचलायच्या व्यायामाला) खुब्यातून कसं वाकायचं ते मी असं सांगते: “काकू, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत, आणि मागचं दार बंद करायचंय. कसं ढकलाल?” त्या बरोबर कुल्ले मागे नेतात, पाठ सरळ राहते. पोट घट्ट करायला सांगायचं असेल तर म्हणते, “सहा वाजताची लोकल, दारात गर्दी, कुणाचं तरी कोपर लागणार.” पुढे काही सांगावं लागत नाही. या सूचना मला कुठल्या पुस्तकात मिळाल्या नाहीत. तुमच्या वस्तीतल्या माणसांना कोणती उपमा कळते ते तुम्हालाच माहीत असणार.

५. मी बारीक आहे, कोण माझ्याकडे येईल? / मी ‘मुंबई श्री’च्या स्टेजवर उतरलोय, मला कोर्स कशाला?

प्रश्न दोन असले तरी उत्तर एकच आहे: अंग कमावणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं.

गिरणगावातल्या व्यायामशाळांनी आणि शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी या शहराला व्यायामाची गोडी लावली. त्या परंपरेबद्दल मला फार आदर आहे. तिथे घाम गाळलेल्या मुलाकडे शिस्त असते, आणि ती कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही. पण स्वतःच्या शरीरावर जे चाललं ते बावन्न वर्षांच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसावर चालेलच असं नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझ्या पहिल्या क्लायंट बँकेत नोकरीला होत्या, वय ४६. मी तेव्हा ज्या पद्धतीने माझे पाय मारत होते, तसेच त्यांचेही मारून घेतले. लंजेसचे चार सेट, वर लेग प्रेस. दुसऱ्या दिवसापासून त्यांना दादरचा पूल चढवेना. आठवडाभराने त्यांचा मेसेज आला, “मला नाही झेपणार गं हे.” त्या परत कधीच जिममध्ये आल्या नाहीत, माझ्याकडे नाही आणि दुसरीकडेही नाही. एका बाईचा व्यायामावरचा विश्वास मी घालवला याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून बारीक असणाऱ्या मुलींनो, तुमचं लक्ष समोरच्या माणसावर असेल तर लोक येतात. आणि स्टेजवर उतरलेल्यांनो, पदक दाराबाहेर ठेवा आणि पहिल्या पानापासून शिकायला बसा.

६. पहिली नोकरी कुठे आणि कशी? पगाराचं काय?

फ्लोअर ट्रेनर म्हणून. पहिलं वर्ष तरी जिमच्या फ्लोअरवर काढा. पन्नास वेगवेगळी शरीरं रोज डोळ्यांखालून जातात, ते शिक्षण क्लायंटच्या घरी जाऊन पीटी (पर्सनल ट्रेनिंग) करण्यात मिळत नाही. शिफ्ट बहुतेक तुटक असते: सकाळी सहा ते दहा-अकरा आणि संध्याकाळी पाच ते दहा. मधल्या वेळेत कर्जत-विरारला घरी जाऊन येणं शक्य नसतं. त्यामुळे दुपारी झोपायला जागा कुठे मिळेल हे नोकरी घेण्याआधी खरंच ठरवा. न झोपलेल्या माणसाने स्पॉटिंगला, म्हणजे वजन उचलणाऱ्याला आधार द्यायला, उभं राहू नये.

पगार ठरलेला असतो आणि पीटी सेशनवर वाटा मिळतो. फसगत त्या वाट्यातच होते. टक्केवारी क्लायंटने भरलेल्या पूर्ण रकमेवर आहे की कर आणि सवलत वजा केल्यावर? क्लायंट न सांगता आला नाही तर ते सेशन मोजलं जातं का? पॅकेज रिन्यू झालं तर वाटा तुम्हालाच की सेल्सवाल्याला? तुम्ही मध्येच नोकरी सोडलीत तर उरलेल्या सेशनचे पैसे कुणाचे? मला एका जिममध्ये तीन महिन्यांचा वाटा मिळालाच नाही, कारण यातलं काहीच मी कागदावर घेतलं नव्हतं.

७. स्वतंत्र काम सुरू केलं तर फी किती सांगू?

आकडा मी सांगत नाही. शिवडीचा भाव जुहूला लागू होत नाही आणि जुहूचा शिवडीला. पण हिशोब कसा करायचा ते सांगते. समजा तुम्ही मुलुंडला राहता आणि क्लायंट वांद्र्याला. सेशन तासाचं, येण्याजाण्यात अडीच-तीन तास. म्हणजे तुम्ही चार तास विकताय आणि एका तासाचे पैसे घेताय. मुंबईत ट्रेनरचा खरा खर्च प्रवासाचा असतो. म्हणून सुरुवातीला एकाच लाइनवर, जमलं तर लागून असलेल्या दोन-तीन स्टेशनांतच क्लायंट घ्या. लांबचा एक जादा पैसे देणारा क्लायंट जवळच्या तिघांची वेळ खातो.

पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्या, आणि रद्द करण्याचा नियम पहिल्याच दिवशी सांगा. मी बारा तास आधी कळवायला सांगते. पावसाळ्याचा नियम वेगळा: लोकल बंद पडल्या तर कुणाचंच सेशन बुडत नाही, त्याच वेळेला व्हिडिओ कॉलवर घरातल्या घरात करून घेते.

८. मी मुलगी आहे. क्लायंटच्या घरी जाणं सुरक्षित आहे का?

काळजी घेतलीत तर काम करता येतं, आणि बायकांना बाई ट्रेनर हवी असते, त्यामुळे कामाची कमतरता नाही. पहिली भेट मी कधीच घरात घेत नाही. सोसायटीच्या जिममध्ये, बागेत, निदान गेटजवळ. पत्ता आणि वेळ घरच्यांकडे असते, सेशन संपल्यावर फोन जातो. स्पर्श करण्याआधी विचारायचं आणि आपल्यालाही विचारलं जावं हे स्पष्ट सांगायचं. एकदा जरी मनाला काही खटकलं तरी पुढचं सेशन नाही, पैसे परत, आणि कारण सांगायला आपण बांधील नाही.

जिममध्ये नोकरी करत असाल तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा तुम्हाला लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्रास देणारा मेंबर असला तरी कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. ‘पैसे भरणारा क्लायंट आहे, सांभाळून घे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

९. शिवाजी पार्कात किंवा बागेत बॅच घेतली तर?

एका क्लायंटला घेऊन चालणं-पळणं वेगळं, आणि पैसे घेऊन वीस जणांची बॅच लावणं वेगळं. पालिकेच्या मैदानात-उद्यानात असा वर्ग घ्यायचा तर वॉर्ड ऑफिसात जाऊन उद्यान विभागाला आधी विचारा. शिवाजी पार्क परिसर २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्र ठरवला, त्यामुळे शिट्टी आणि स्पीकर घरी ठेवा. सोसायटीच्या गच्चीसाठी कमिटीचं पत्र घ्या.

१०. नवीन क्लायंटकडून पहिल्या दिवशी काय करून घ्यायचं?

कमीत कमी. आधी आरोग्याची प्रश्नावली भरून घ्या, तिला ‘पार-क्यू’ म्हणतात. छातीत दुखणं, चक्कर, हाडा-सांध्याचा त्रास, चालू औषधं. त्यातल्या एकाला जरी ‘हो’ आलं तर थांबा आणि खालचा ११ वा प्रश्न वाचा. मग खुर्चीवर बसायला-उठायला लावा, भिंतीवर पुशअप, एका पायावर उभं राहणं, थोडं चालणं. बघा आणि लिहून ठेवा. उरलेला वेळ ऐका: झोप किती, कामाला किती वाजता निघतात, घरी स्वयंपाक कोण करतं. बॅंकेतल्या त्या बाईंना मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

११. क्लायंटला बीपी किंवा शुगर आहे. घेऊ का?

डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावर घ्या. अशा लोकांनाच व्यायामाची जास्त गरज असते, त्यांना परत पाठवू नका. पण काही गोष्टी माहीत हव्यात.

बीपीवाल्यांना वजन उचलताना श्वास रोखू देऊ नका, दाब एकदम चढतो. काहींना बीटा-ब्लॉकर गटाची औषधं असतात. त्यांची नाडी औषधामुळेच कमी राहते, त्यामुळे कमाल नाडी काढायचं २२० वजा वय हे गणित त्यांच्यासाठी निरुपयोगी ठरतं. त्यांना चालताना बोलायला लावा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तेव्हा मध्यम जोर पुरेसा.

मधुमेहात इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर घसरू शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, चिडचिड, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की सेशन तिथेच थांबवा. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माझ्या बॅगेत ग्लुकोजचं पाकीट कायम असतं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

गरोदर बाईंना डॉक्टरांच्या संमतीने मध्यम व्यायाम चालतो. पण तुम्ही त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं नसेल तर ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडे पाठवा.

१२. डाएट प्लॅन देऊ शकते का? सगळेच मागतात.

निरोगी माणसाला सर्वसाधारण सल्ला द्या. रोजचं प्रथिनांचं प्रमाण प्रौढासाठी दर किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम, ही आयसीएमआरची शिफारस. नियमित व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतं. आपल्या ताटात बघा: पिठलं, मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडी, ताक, सुकट-बोंबील. श्रावणात आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाऊन लोक संध्याकाळी पाय मारायला येतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. त्या दिवशी दाणे, दही, दूध वाढवायला सांगा आणि वजन हलकं ठेवा.

मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड, खाण्याचे विकार यांतलं काहीही असेल तर आहारतज्ज्ञांकडे पाठवा. तसंच सायटिका, लिगामेंट, ऑपरेशननंतरचा व्यायाम हे काम फिजिओथेरपिस्टचं. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी वैधानिक परिषद आहे. एखाद्या चांगल्या फिजिओची ओळख ठेवा. मी पाठवलेले बहुतेक क्लायंट बरे होऊन माझ्याकडेच परत आले आहेत.

१३. क्लायंट ‘कोर्स मारायचाय’ म्हणतो, म्हणजे स्टेरॉइड घ्यायचेत. मी नाही दिलं तर दुसरा देईल. मग मीच का नाही?

या प्रश्नावर मी तडजोड करत नाही. लग्न तीन महिन्यांवर आलं, दहीहंडीला बनियनवर उभं राहायचंय, स्पर्धा आहे, कारण काहीही असो. ॲनाबॉलिक स्टेरॉइड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्रेनरने ती पुरवणं हा गुन्हा आहे. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, शुक्राणू घटतात, चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं, हृदयाची भिंत जाड होते. काही जिममध्ये जोर यावा म्हणून मेफेन्टरमिनचं इंजेक्शन फिरतं. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायचं औषध आहे ते. धडधाकट पोराच्या अंगात ते गेल्यावर त्याच्या हृदयावर काय ताण येत असेल याचा विचार करा.

दुसरा देईल हे खरं असेल. तरी त्या मुलाला एकदा तरी कुणी ‘नाही’ म्हटलं होतं आणि कारणही सांगितलं होतं, एवढं त्याच्या लक्षात राहू द्या. चिडला तरी नातं तोडू नका. आधीच घेत असेल तर लपवायला लावू नका, रक्ततपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवा.

व्हे प्रोटीन यात येत नाही, ते दुधापासूनचं अन्न आहे. डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक बघा, ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन घ्यायला सांगा. त्यावर कमिशन मिळत असेल तर क्लायंटला तसं सांगा.

१४. सेशनमध्ये कुणाला काही झालं तर?

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, अचानक थंड घाम: व्यायाम बंद, बसवा, १०८. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकाला १०८ ला फोन करायला सांगून लगेच छाती दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास. जिममध्ये एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आहे का, कुठे आहे, हे कामाच्या पहिल्या दिवशी विचारा.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी अति करायला लावलं तर स्नायू मोडून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दोन दिवसांनी ‘हात सुजलेत, लघवी चहासारखी होतेय’ असा मेसेज आला तर बर्फ लावायला सांगू नका, त्याच क्षणी हॉस्पिटलला पाठवा.

१५. जिम सोडली आणि क्लायंट माझ्यामागे आले. जिम केस करेल अशी धमकी देतेय.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. त्यामुळे ‘सोडल्यावर वर्षभर पाच किलोमीटरमध्ये काम करायचं नाही’ अशी अट सहसा टिकत नाही. पण नोकरीत असताना मेंबरला बाहेर पळवणं, किंवा जिमच्या सिस्टिममधून नंबरांची यादी काढून नेणं, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे तुम्ही अडचणीत याल. क्लायंट स्वतःहून शोधत आला तर घ्या. त्याचे जिममध्ये भरलेले पैसे आधी तिथेच संपू द्या. नोटीस आलीच तर वकिलाला दाखवा.

१६. गुमास्ता, जीएसटी, कर?

एकट्याने काम असेल तर पॅन, वेगळं बँक खातं आणि पावतीपुस्तक एवढ्यावर सुरुवात होते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. स्वतःचा स्टुडिओ काढलात तर २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार कामगार ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असतील तेव्हा गुमास्त्यासाठी (दुकान-आस्थापनेच्या नोंदीसाठी) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. जिमने टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा, हक्काचे पैसे परत मिळू शकतात.

१७. वय ४३. कंपनी बंद पडली. आता ट्रेनर होणं म्हणजे वेडेपणा आहे का?

नाही. तुमच्या वयाचे क्लायंट तुमच्याकडे जास्त मोकळे होतील. गुडघा सकाळी कसा धरतो हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय उडी घेऊ नका, आणि फ्लोअरची तुटक शिफ्ट तुमच्या झोपेला झेपते का ते आधी महिनाभर पहाटे साडेचारला उठून बघा. बाकी सगळं प्रश्न ३ आणि ६ प्रमाणेच.

१८. जिम माझी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचं म्हणतेय.

देऊ नका. मूळ कागद दाखवा, सही केलेली झेरॉक्स द्या. तरी अडून बसले तर ती नोकरी सोडा. कागद परत मिळवायला महिनोन्महिने चकरा मारणाऱ्या दोन मुली माझ्या ओळखीच्या आहेत.